एक तवा, एक पातेले

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या खोलीतल्या भांड्यांची यादी एका ओळीत मावते. एक लोखंडी तवा, एक जर्मनचे पातेले, दोन ताटे, एक उलथने, एक चमचा आणि एक तांब्या. चाकू आहे, पण त्याची मूठ निघालेली आहे. गॅस म्हणजे पाच किलोंची छोटी टाकी आणि तिच्यावरच बसवलेला बर्नर. खोली दहा बाय दहाची, वर पत्रे, आणि राहणारे आम्ही तिघे. एक जण पाटोद्याकडचा, एक गेवराईचा आणि तिसरा मी. तिघांच्याही घरांत कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच माणूस आम्ही.

ही यादी मी कीव मिळवण्यासाठी देत नाही. आपल्या कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांतून अशा खोल्या पुष्कळ आहेत आणि हे वार्षिक वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण अशाच एखाद्या खोलीत बसून ते वाचत असतील. यादी देण्याचे कारण वेगळे आहे.

दरवर्षी आपल्या वार्षिकात आईवर कविता येतात. यंदाही येतील. त्यांतल्या बहुतेक कवितांत आई चुलीपुढे बसलेली असते, धुराने तिचे डोळे चुरचुरत असतात, आणि ते पाहून कवीचे अंतःकरण भरून आलेले असते. गेल्या वर्षी अशी एक कविता मीही दिली होती. संपादकांनी ती परत केली, त्यांचे उपकारच झाले. कारण त्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या कवितेत काय किंवा दुसऱ्या कुणाच्या कवितेत काय, कवी उठून असे कधीच म्हणत नाही की, "माय, तू सरक. आजच्या भाकरी मी करतो."

का म्हणत नाही? खरे उत्तर लाजिरवाणे आहे. कवीला भाकरी येत नाही म्हणून.

पहिल्या वर्षी मी खानावळीत जेवत होतो. महिना अडीच हजार, दोन वेळचे जेवण, रविवारी रात्री बंद. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. त्या वर्षी दिवाळीनंतर ते कारखान्यावर गेले. मुकादमाकडून मिळालेली उचल मागच्या देण्यात वळती झाली आणि डिसेंबरात माझ्याजवळ खानावळीपुरते पैसे राहिले नाहीत. खानावळीचा मालक वाईट माणूस नव्हता. त्याने आठ दिवस उधारीवर जेवू घातले. नवव्या दिवशी तो काही बोलला नाही, पण मीच गेलो नाही. माझे दोघे सोबतीही कमीअधिक याच अवस्थेत होते. दोन दिवस चहा आणि पाव यांवर काढल्यावर तिघांनी वर्गणी काढली आणि आठवडी बाजारातून वर सांगितलेला तवा घेतला.

पीठ गावाहून आलेले होते. तवा होता. गॅस होता. भूक तर होतीच. पण भाकरी होईना. पहिली तव्यावर टाकतानाच हातात मोडली. दुसरीला मधोमध भेगा पडल्या. तिसरी पापडासारखी कडक झाली, ती आम्ही पाण्यात बुडवून खाल्ली.

वाचकहो, यातली गंमत लक्षात घ्या. आम्ही तिघेही ज्वारीच्या मुलखातले. पेरणी, खुरपणी, राखण, काढणी, मळणी यांतले असे एकही काम नाही, जे आम्ही केलेले नाही. ज्वारी पोत्यातून परातीत गेल्यावर तिचे पुढे काय होते, तेवढेच फक्त आम्हांला ठाऊक नव्हते. भाकरीवरच्या म्हणी आणि वाक्प्रचार विचारले असते तर पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. साक्षर माणूस किती बाबतींत निरक्षर असू शकतो, ते त्या रात्री कळले.

शेवटी मी अक्काला फोन लावला. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचे लग्न झालेले आहे.

"अक्का, भाकरी मोडायलीय."

"पाणी कोन्चं घेतलंस?"

"नळाचं."

"आरं येड्या, ज्वारीला गार पाणी चालत न्हाई. आदी पाणी कढू दे. कढत्या पाण्यात पीठ भिजव. हाताला पोळंल, पोळू दे. मळशील तितकं चिकाट यील. अन् एका बारीला एकाच भाकरीचं पीठ मळ, सगळं मळून ठिवू नगंस."

फोन ताटाशेजारी ठेवून मी पीठ मळू लागलो आणि ती तिकडून सांगू लागली. कोरे पीठ भुरभुरून थापायचे, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची आणि शेवटी तवा उतरवून आचेवर धरायची. त्या रात्रीची सहावी भाकरी टम्म फुगली. आम्ही तिचा फोटो काढला. खोटे कशाला सांगू, बारावीचा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

फोटो पाहून अक्का हसली आणि म्हणाली, "आली व्हय भाकरी? सा वर्सं उशीर केलास बघ."

मीही हसलो. त्या वेळी मला तो विनोद वाटला होता. त्याचा अर्थ पुढे कळला. तो योग्य ठिकाणी सांगतो.

भाकरीचे ते गुपित मी नंतर विज्ञान शाखेतल्या एका मित्राला विचारले. तो म्हणाला, गव्हात ग्लूटेन असते, म्हणून गव्हाची कणीक गार पाण्यातही चिवट होते. ज्वारीत ते नसते. कढत पाणी पडले की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पिठाला धरून ठेवतो. अक्काला ग्लूटेन हा शब्द माहीत नाही. पण काय केले म्हणजे काय होते आणि कशाने बिघडते, हे तिला पक्के माहीत आहे. शास्त्र म्हणजे दुसरे काय असते?

हळूहळू आमचा जम बसत गेला. एकच पातेले असल्यामुळे आम्ही काही गोष्टी शिकलो. ज्यांच्या खोलीत अशीच अडचण असेल त्यांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे वाटण. पाटा नाही, मिक्सर नाही. तांब्याचे बूड तर आहे! लसूण, मीठ, तिखट आणि भाजलेले शेंगदाणे ताटात घेऊन तांब्याच्या बुडाने रगडले की चटणी होते. अशी भरड चटणी मिक्सरच्या चटणीपेक्षा चवीला चांगली लागते, असे आमचे तिघांचेही मत आहे. मात्र ताटाखाली फडके घालावे, नाहीतर खाली राहणारे घरमालक वर येतात.

दुसरी गोष्ट पिठल्याची. बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकले की गुठळ्या होतात. ते आधी गार पाण्यात कालवावे आणि मग धार धरून फोडणीच्या पाण्यात सोडावे. म्हणजे ज्वारीच्या पिठाला कढत पाणी आणि हरभऱ्याच्या पिठाला गार पाणी. पिठापिठाचा स्वभाव वेगळा.

तिसरी गोष्ट गोधडीची. एक उकळी आणून, झाकण लावून, गॅस बंद करून भाताचे पातेले गोधडीत गच्च गुंडाळून ठेवले की भात आपल्या आपण शिजतो. आतली ऊब बाहेर जात नाही, एवढेच त्यातले कारण. गॅस वाचतो आणि तेवढ्या वेळात त्याच बर्नरवर भाकरी होतात. डाळ मात्र आधी दोन-तीन तास भिजवलेली हवी.

चौथी मटकी. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून खिळ्याला टांगली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. भाजी महाग झाली की आमच्या खोलीत शर्टाशेजारी मटकी लोंबकळत असते.

पाचवी येसर. मराठवाड्याच्या घरांना ती सांगायला नको. भाजलेली धान्ये आणि मसाला एकत्र दळून ठेवलेले हे पीठ उकळत्या पाण्यात कालवले की दाटसर आमटी होते. घरात भाजी म्हणून काही नसले तरी ताटात ओले कोरड्यास येते. आणि अगदीच कंटाळा आला तर शेंगोळे. हुलग्याचे पीठ लसूण-तिखट घालून घट्ट मळावे, तळहातावर वळून त्याची कडी करावी आणि मसाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडावी. पोळपाट नको, लाटणे नको, तवाही नको. पोटभर जेवण एका पातेल्यात होते. मला वाटते, असले पदार्थ भांडी कमी असलेल्या घरांतच जन्माला आले असावेत.

मध्यंतरी मी ग्रंथालयातून कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आणले. हे पुस्तक १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्यांच्या मापाने मराठी घरांना स्वयंपाक शिकवून गेले. तोळ्या-मासाच्या हिशेबात न पडता घरातलीच वाटी हे माप धरणे ही मोठी गोष्ट होती. पण पुस्तक वाचताना जाणवले, की आमच्या खोलीत ती वाटीसुद्धा नाही. आमचे माप म्हणजे टाकीवर आलेले टोपण आणि तळहात. आणि असा स्वयंपाक करणारी माणसे पुस्तके लिहीत नाहीत. त्यांची विद्या तोंडातून कानात, हातातून हातात जाते. तीही फक्त मुलींच्या हातात.

आम्ही फार मोठे शोध लावले, असे जानेवारीपर्यंत मला वाटत होते. जानेवारीत मी मायला भेटायला कारखान्यावर गेलो.

ऊसतोडीची कोपी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांबूचा सांगाडा, त्याच्यावर पाचट नाहीतर ताडपत्री आणि वाकून आत जाण्याएवढे दार. दाराशी तीन दगडांची चूल. माय पहाटे तीनला उठली. अंधारातच तिने पाचट पेटवून पाणी ठेवले. मी पांघरुणातून पाहत होतो. तिच्याजवळ एक तवा होता, एक पातेले होते, एक काठवट होती, एक तांब्या होता. माझ्या खोलीतलीच यादी! फरक एवढाच, की तिच्याजवळ गॅस नव्हता. तिने तांब्याच्या बुडाने लसूण-मिरची रगडली. भाकरी फडक्यात बांधल्या. जिला आम्ही युक्ती म्हणत होतो, ती तिची वीस वर्षांची रीत होती. मी लहानपणी चार-पाच हंगाम त्याच चुलीजवळ झोपलेलो होतो आणि तरी मला तिच्या हातातले काहीच दिसलेले नव्हते.

मी उठून तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "माय, सरक. मी करतो."

ती आधी हसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "नगं बाळा. सम्दे बघायलेत. लोक काय म्हन्तील?"

शेजारच्या कोपीतल्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "पोरगं कालेजात भाकरी थापाय शिकलं व्हय गं?" सगळीकडे हशा पिकला. अण्णा दगडावर कोयत्याला धार लावत होते. तेही हसले. मी परत पांघरुणात गेलो. भ्यालो, असे म्हटले तरी चालेल.

त्या दिवशी मी फडात त्यांच्याबरोबर होतो. ऊस दोघे मिळून तोडतात. अण्णा तोडतात, तशी मायही तोडते. मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. नवराबायकोच्या या जोडीला तिथे एक 'कोयता' म्हणतात आणि उचल त्या कोयत्याला मिळते. म्हणजे ऊस तोडण्यात माय निम्मी धरली जाते. पण पहाटे तीनची भाकरी पुरी तिची एकटीची. तिचा ना कोयता, ना उचल, ना हिशोब. फडातून दोघे सारखेच थकून येतात. अण्णा टेकतात आणि माय चूल पेटवते. माझे वडील कष्टाळू आहेत, निर्व्यसनी आहेत, त्यांनी माझ्यासाठी काय सोसले ते मी जाणतो. तरीही हे लिहिणे मला भाग आहे. कारण हा दोष त्यांच्या एकट्याचा नाही. तो त्यांना वारशात मिळाला आणि त्यांच्याकडून मला.

परतताना एस.टी.त बसल्यावर मला अक्काचे वाक्य आठवले. सा वर्सं उशीर केलास.

सहा वर्षांपूर्वी मी सातवीत होतो आणि अक्का दहावी झाली होती. तिला माझ्याहून चांगले गुण होते. अकरावीचे कॉलेज तालुक्याला, चौदा किलोमीटरवर. सकाळी सातची एस.टी. धरली तरच वेळेवर पोचता येई. हंगामात माय आणि अण्णा कारखान्यावर. घरी आजी, अक्का आणि मी. आजीचे डोळे अधू झालेले. मग सकाळी आजीला आणि मला भाकरी कोण करून घालणार? या प्रश्नावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. अक्का घरी राहिली. मी गरम भाकरी खाऊन शाळेत गेलो. पुढे तिचे लग्न झाले.

आता मी विचार करतो. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अक्काने पहिली भाकरी थापली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बारा वर्षांच्या मुलाला तीन माणसांच्या भाकरी करता येणार नाहीत, असे त्यात काय आहे? एका रात्रीत, फोनवरून, मी शिकलोच की! ती एक रात्र जर सहा वर्षे आधी आली असती, तर आज या वार्षिकात माझ्याऐवजी अक्काचा लेख असता, आणि तो याहून चांगला असता.

मुलीचे शिक्षण सुटण्याची पुष्कळ कारणे सांगितली जातात. गरिबी, अंतर, असुरक्षित रस्ते, लवकर होणारी लग्ने. ती सगळी खरी आहेत. त्यांच्यावर थोडे थोडे कामही होत आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांना गावातच राहता यावे म्हणून आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. ती वाढावीत, नीट चालावीत. पण एक कारण यादीत सहसा कुणी लिहीत नाही. घरातल्या मुलाला भाकरी येत नाही, हेही मुलीची शाळा सुटण्याचे एक कारण आहे. आणि ते दूर करायला सरकारी अनुदान लागत नाही. एक तवा लागतो.

तुम्ही म्हणाल, पुरुष स्वयंपाक करत नाहीत असे कुठे आहे? हॉटेलातले आचारी पुरुष, लग्नाच्या पंगतीचे आचारी पुरुष. खरे आहे. शेतात मटणाचा बेत असला तर बायकांना कुणी विचारतही नाही. चूल मांडण्यापासून रस्सा ढवळण्यापर्यंत सगळे गडी करतात, आणि कौतुकही करून घेतात. यावरून काय सिद्ध होते? हात तर आहेत. जिथे पैसे मिळतात किंवा वाहवा मिळते तिथे ते चालतात. जिथे दोन्ही नाही, त्या रोजच्या भाकरीपाशी ते थांबतात. शिवाय त्या मटणाबरोबरच्या भाकरी कुणाच्या घरून टोपल्यात येतात, तेही आठवून पाहावे.

'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचले आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातली अळणी भाजीची गोष्ट आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवून उठतात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. शाळेत ही गोष्ट शिकताना माझ्या मनावर वडिलांचा मोठेपणा ठसला. तो होताच, मी नाकारत नाही. ताट भिरकावणाऱ्यांच्या जगात न बोलता जेवणारा माणूस मोठाच. पण आज ९० वर्षांनंतरही आपला आदर्श तेवढाच राहावा काय? न बोलता खाणे ही पहिली पायरी झाली. उठून भाजी करणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर आपण फार दिवस उभे आहोत.

केरळात २०२४ साली तिसरीच्या नव्या पाठ्यपुस्तकात स्वयंपाकघराच्या चित्रात वडील नारळ खवताना दाखवले, तर त्याची देशभर बातमी झाली. नारळ खवण्याची बातमी होते, यातच सगळे आले. पण ते चित्र पाहणारी आठ वर्षांची मुले बारा वर्षांची होतील, तेव्हा निदान त्यांना लोक काय म्हणतील ही भीती आमच्याएवढी नसेल.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. स्वयंपाकात वेळ घालवला तर अभ्यास कधी करायचा, असे एका मित्राने मला विचारले. आम्ही तिघे मिळून एका वेळचा स्वयंपाक पाऊण तासात उरकतो, भांडी घासण्यासकट. खानावळीत जाण्यायेण्यात आणि रांगेत तेवढाच वेळ जात होता. आणि हाच प्रश्न मुलींना कुणी विचारला आहे काय? आपल्याच वर्गातल्या कितीतरी मुली सकाळी घरचा स्वयंपाक आटोपून पहिल्या तासाला येतात आणि आपल्यापेक्षा जास्त गुण मिळवतात. त्यांचा वेळ कुठून येतो?

एक धोका मात्र मला दिसतो. तो स्वतःलाच बजावतो. कमी भांड्यांत, कमी सामानात भागवण्याचे कौतुक करताना गरिबीचे कौतुक होता कामा नये. माझी आजी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगते. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. मिलोची भाकरी चिरायची म्हणून पीठ कसे उकडून घ्यायचे, ते ती अजून हातवारे करून दाखवते. ऐकायला मजा वाटते. पण एकदा मी म्हणालो, "आजी, किती डोकं चालवलंस तू!" तेव्हा ती म्हणाली, "डोकं कशाचं रं, पोट चालवायचं व्हतं." तिची युक्ती खरी आणि तिचे हालही खरे. मायला गॅस मिळाला पाहिजे, तिच्या कष्टाला पुरता भाव मिळाला पाहिजे. मी एका पातेल्यात स्वयंपाक करतो तो पदवीपर्यंत. ती आयुष्यभर करत आली आहे. या दोन गोष्टी मी एका तागडीत तोलणार नाही.

मग मी सांगतो आहे ते काय? एवढेच, की स्वयंपाक ही शिकण्याची गोष्ट आहे आणि शिकायला आलेल्या माणसाने तिला कमी लेखू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढले तेव्हा सगळ्या जातींची मुले त्यांनी एकत्र ठेवली, एकत्र जेवू घातली. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आधी त्यांच्या जेवणाचा प्रश्न असतो, हे त्या दोघांनी ओळखले होते. एका पंगतीत बसण्याला तेव्हा धैर्य लागत होते. आज पंगतीत बसण्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण पंगतीसाठी भाकरी थापायला बसण्याचे अजून वाटते. त्या धैर्याचा उरलेला भाग आपल्या वाट्याला आलेला आहे.

मोठ्या गोष्टी सोडा. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरापासून सुरुवात करू. गेल्या शिबिरात आम्ही मुले सात दिवस चर खोदायला जात होतो आणि मुली सात दिवस स्वयंपाकघरात होत्या. हे कुणी ठरवून दिले नव्हते. दोष शिबिराचा नव्हता, आमचाच होता. पहिल्या दिवशी कुदळी आम्ही उचलल्या आणि पोळपाट आपोआप त्यांच्याकडे गेले. पुढच्या शिबिरात पाळ्या लावाव्यात, अशी मी या लेखातून विनंती करतो. तीन दिवस आम्ही भाकरी करू, तीन दिवस मुली चर खोदतील. सातव्या दिवशी कुणाचे काम कच्चे झाले ते मिळून ठरवू. पहिल्या दिवशी भाकरी कडक होतील हे गृहीत धरावे आणि दात सांभाळून जेवावे.

असो. शेवटी अक्काबद्दल सांगून संपवतो. या दिवाळीत ती माहेरी आली होती. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. मी चुलीपुढे बसून भाकरी करत होतो आणि अक्का पोरीला मांडीवर घेऊन चुका काढत होती. काठ जाड राहिला. पाणी जास्त झाले. मग मध्येच तिने विचारले, "ते सतरा नंबरचा फारम भरून बारावीला बसता येतं म्हन्तेत, खरं हाय का रं?" मी म्हणालो, खरे आहे. मी कॉलेजात विचारून सगळी माहिती आणतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पन अभ्यासाला बसायचं म्हन्लं तर सकाळच्या भाकरीचं काय?"

दाजी ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "मला पिठलं येतंय. भाकरी तेवढी येत न्हाई."

मी म्हणालो, "दाजी, आत या. एका रात्रीचं काम आहे."

ते आले. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. अक्का हसली, पण या वेळी तिने मला मध्ये पडू दिले नाही. तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, "आदी पाणी कढू द्या."